वस्तीचे दुखणे कोणाला विचारावे?

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

डॉक्टर रोग्याची नाडी पाहतात, जीभ पाहतात, चार प्रश्न विचारतात आणि मग औषध लिहून देतात. पण एखाद्या संपूर्ण वस्तीची नाडी पाहावयाची झाली, तर ती कोणी आणि कशी पाहावी? आरोग्यशास्त्रात याला 'सामुदायिक निदान' म्हणतात. हा शब्द मी प्रथम ग्रंथालयात वाचला. त्याचा अर्थ मात्र पुण्याच्या वेशीवरील एका लहानशा वस्तीत, एक चूक केल्यानंतर मला कळला. ती चूक आणि तिने शिकविलेल्या काही गोष्टी सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

धड गाव नाही, धड शहर नाही

उपनगरातील वस्तीची पहिली अडचण ही की, ती धड गाव नसते आणि धड शहरही नसते. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. कागदावर हद्द एका दिवसात बदलते. जलवाहिन्या आणि गटारे बदलावयास वर्षे लागतात. ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना भोर समितीने १९४६ सालीच मांडली होती. शहरी गरिबांसाठी राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू व्हावयास २०१३ साल उजाडले. त्यात सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असे प्रमाण धरलेले आहे. या दोहोंच्या सांध्यावर राहणारी माणसे मात्र पुष्कळदा दोन्हीकडून निसटतात.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात 'जीबीएस', म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाते. पुष्कळदा त्याआधी पोटाचा संसर्ग झालेला असतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर' हा जंतू आढळला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे गेला. त्या दिवसांत घरोघरी पाणी उकळू लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने एका वस्तीची आरोग्य पाहणी करावयाचे ठरविले. आम्ही सहा जण होतो आणि आमच्याजवळ दोन पानी प्रश्नावली होती.

'आजार नाही'

आमची पाहणी दुपारी चाले, कारण तास त्या वेळी संपत. कामाला जाणारी माणसे त्या वेळी घरी नसतात, हे आमच्या ध्यानातही आले नाही. एका घरी एक आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी आहे का?" त्या म्हणाल्या, "न्हाई गं बाई, समदी बरी हाईत." मी फॉर्मवर 'आजार नाही' असे लिहिले आणि पुढच्या दाराकडे वळले. आत पाळणा होता. मी डोकावून पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी एक राहिलेला रकाना भरावयास मी पुन्हा तेथे गेले. या वेळी वस्तीतील आशाताई बरोबर होत्या. पाळण्यातील वर्षाच्या आतील मुलाचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. आजी म्हणाल्या, "दात येत्यात. पोट चालायचंच. पाणी दिलं की लईच चालतंय, म्हणून पाणी तोडलंय."

आशाताईंनी मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू सपाट झाली. शरीरातील पाणी कमी झाल्याची ही खूण. त्यांनी लगेच ओआरएसचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात कालवले आणि चमच्याचमच्याने पाजावयास सांगितले. मूल अधाशासारखे पिऊ लागले. "उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश द्यायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. पिईनासं झालं, गुंगीत गेलं किंवा शौचातून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठायचा," असे त्यांनी मुलाच्या आईला कामावरून बोलावून घेऊन समजाविले. चौदा दिवसांच्या जस्ताच्या गोळ्याही दिल्या. संध्याकाळी मुलाने लंगोट ओला केला, तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आले. माझी मान खाली होती.

या साध्या पाण्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि बनगावच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यातून ग्लुकोज शोषले जाताना सोबत मीठ आणि पाणीही ओढून नेते, आणि ही क्रिया जुलाबातही चालू राहते. म्हणजे आजींनी जे तोडले होते, तेच औषध होते.

दुसरी पाहणी

ही हकीकत आमच्या प्राध्यापकांना सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "तुम्ही प्रश्न कोणाच्या भाषेत विचारलात?" आजी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी दात येताना पोट चालणे हा आजारच नव्हता. आम्ही प्रश्न बदलला : "दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला कोणाला झाले का?" वेळही बदलली; संध्याकाळी आणि रविवारी जाऊ लागलो. आता पूर्वीच्या 'निरोगी' घरांतून वेगळीच उत्तरे येऊ लागली.

मग आम्ही वस्तीचा नकाशा काढला. गल्ल्या, नळ, गटारे दाखविली आणि जुलाब झालेल्या घरांवर ठिपके दिले. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची अशीच मांडणी केली होती आणि एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले होते. आमचे ठिपके वस्तीच्या शेवटच्या दोन गल्ल्यांत दाटले होते. तेथे नळाची वाहिनी उघड्या गटारातून गेली होती. पाणी काही तासच येते. ते बंद झाले की वाहिनीतील दाब जातो आणि फटींतून गटाराचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. आणि मोटरी तर घरोघरी होत्या. आशाताईंनी क्लोरीन तपासणीचे द्रावण आणले. टाकीजवळच्या पाण्याला पिवळा रंग आला. शेवटच्या नळाचे पाणी तसेच राहिले. निर्जंतुक करणारा क्लोरीन वाटेतच संपला होता.

गरज कोणाची?

आम्ही मुळात डासांविषयीची भित्तिपत्रके घेऊन गेलो होतो. 'साठविलेले पाणी ओतून द्या' असे त्यांवर होते. एक ताई म्हणाल्या, "ड्रम ओतायला आमची ना नाही. पण उद्या पाणी येईल याची हमी कोण देणार?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, हे खरे. पण पाणी बेभरवशाचे, म्हणून ड्रम. आणि ड्रम, म्हणून डास. जुलाब आणि डेंग्यू यांची मुळे एकाच नळापाशी येऊन मिळत होती.

म्हणून तोडगा त्यांच्याबरोबर बसून काढला. ड्रमला कापड घट्ट बांधावयाचे आणि आठवड्यातून एकदा, पाणी येण्याच्या दिवशी, रिकामा करून आतून घासावयाचा. डासांची अंडी काठाला चिकटून असतात, नुसते ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. मोटरींचा प्रश्न बायकांनीच बैठकीत काढला आणि त्यावर भांडणही झाले. तो पुरता सुटला नाही.

जलवाहिनीसाठी संबंधित कार्यालयात यापूर्वी तोंडी तक्रारी झाल्या होत्या. या वेळी वस्तीतील पाच बायका नकाशा घेऊन गेल्या. बऱ्याच खेपांनंतर एका गल्लीतील वाहिनी गटारातून उचलून वर घेण्यात आली. हा लेख लिहीपर्यंत दुसऱ्या गल्लीचे काम झालेले नाही.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील बायकांनाच आरोग्यसेविका केले. १९७८ च्या अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने लोकांचा सहभाग हा प्राथमिक आरोग्यसेवेचा पाया मानला. ही वाक्ये मी परीक्षेत अनेकदा लिहिली आहेत. पण वस्तीची गरज मोजावयास निघालेल्याने आपल्या प्रश्नाचा शब्द, आपली वेळ आणि आपले भित्तिपत्रक हे सर्व आधी तपासून पाहावे, हे मला त्या पाळण्याने शिकविले.

'आजार नाही' लिहिलेला तो फॉर्म मी खोडून दुरुस्त केला; फाडला नाही. पुढील वर्षी जे विद्यार्थी-मित्र त्या वस्तीत जातील, त्यांनी तो नकाशाबरोबर जरूर मागून घ्यावा. दुसरी गल्ली अजून बाकी आहे.