तिथी, भरती आणि प्रदक्षिणा : एका सहलीच्या आखणीचा अभ्यास

सहलीची आखणी म्हटली की आपण प्रथम वर्गणी ठरवितो, मग गाडी, मग जेवण. या तीन गोष्टी जमल्या की सहल आखली गेली, अशी आपली समजूत असते. माझीही होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची हरिहरेश्वरची सहल ठरली तेव्हा आखणीचे काम माझ्याकडे आले. ती आखणी कुठे चुकली, हे मला पुढे वर्षभराने कळले. पुन्हा कोणाची तशी चूक होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत. देवदर्शनानंतर डोंगराला प्रदक्षिणा घालण्याची येथे प्रथा आहे. देवळामागून पायऱ्या चढावयाच्या, मग दोन कड्यांमधील अरुंद घळीतून थेट समुद्राकडे उतरावयाचे, आणि डोंगराच्या पायथ्याशी खडकांवरून वळसा घालून पुन्हा देवळाशी यावयाचे. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधली वाट ओहोटीच्या वेळीच उघडी असते. भरतीत तिच्यावर लाटा फुटतात.

भूगोलाच्या विद्यार्थ्याला ही वाट म्हणजे उघडे पुस्तकच आहे. खडकातील कमकुवत भेगांवर लाटांचा मारा होऊन घळी व गुहा तयार होतात. कड्यांवर मधमाशांच्या पोळ्यासारखी असंख्य भोके दिसतात. खारे पाणी खडकाच्या छिद्रांत शिरते, उन्हाने वाळते, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि ते खडकाचे कण सुटे करतात. सागरी क्षरणाचा धडा वर्गात वाचला होता. तो डोळ्यांनी पाहावा, असा आमचा हेतू होता.

पाटसहून हरिहरेश्वर पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव या मार्गाने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. मी पौर्णिमेची रात्र निवडली. कारण एकच : घाटात चांदणे मिळेल! रात्री निघून सकाळी सातला पोहोचावयाचे आणि दोन तासांत रमतगमत प्रदक्षिणा उरकावयाची, असा बेत होता. गाडी उशिरा आली. वाटेत दोनदा थांबली. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

घळीच्या तोंडाशी गेलो तर खालून लाटांचा गडगडाट ऐकू येत होता. तेवढ्यात तेथे नारळ विकणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरांनो, आज पुनव. आता समुद्र चढतोय. खाली उतरायचं नाही." आम्ही विनवण्या केल्या. "काका, निम्म्यापर्यंत जाऊन येतो," असे मी म्हणाले. त्यांनी मान हलविली. तरी आमच्यातला एक मित्र चार पायऱ्या उतरून पाहू लागला. एका लाटेने त्याला आडवे केले. गुडघा फुटला, एक चप्पल समुद्रात गेली, एवढ्यावर निभावले. आम्ही निमूटपणे मागे फिरलो.

परतताना सर्वांचे एकमत झाले की, गाडीच्या उशिराने सहल बुडाली. मीही तेच सांगत राहिले. वर्षभराने भरती-ओहोटीचे प्रकरण पुन्हा वाचताना मी कागद घेऊन त्या दिवसाचे गणित मांडले आणि दचकले.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे १५. त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती. भरती आणि ओहोटी यांत सुमारे सहा तास बारा मिनिटांचे अंतर असते, तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास होऊन गेली होती.

आता दुसरा हिशेब. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे चढतात. चढ ३ मीटरचा धरला, तर पहिल्या तासात पाणी अवघे २५ सेंटिमीटर वाढते, पण तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी ७५. आमचा बेत सात ते नऊचा होता. नेमका हाच तिसरा व चौथा तास! गाडी वेळेवर आली असती, तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला वेगाने चढणारे पाणी, अशा जागी आम्ही अडतीस जण सापडलो असतो. ज्या उशिराला आम्ही वर्षभर दोष दिला, त्यानेच आम्हाला वाचविले. चूक गाडीची नव्हती. चूक माझ्या चांदण्याची होती.

मग योग्य दिवस कोणता? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा ओहोटी खूप खाली जाते, पण ती पहाटे नाहीतर संध्याकाळी. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, पण ते दिवस भांगाचे. पाणी फारसे मागे हटत नाही, शिवाय डोक्यावर ऊन. तृतीयेचा हिशेब पाहा : तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. उधाणाचा जोर अजून टिकलेला, म्हणून पाणीही बरेच मागे गेलेले. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस म्हणूनच सोयीचे.

गेल्या वर्षी माघ कृष्ण तृतीयेला आम्ही पुन्हा गेलो. आदल्या दिवशी उजेडी घाट ओलांडून गावात मुक्काम केला. तिथीचे गणित स्थूल असते, म्हणून छापील भरती-ओहोटी तक्त्याशी ते ताडून पाहिले, आणि सकाळी गावकऱ्यांनाही विचारले. सव्वासातला उतरलो. आठपर्यंत निम्मी वाट झाली नाही तर आल्या वाटेने परतावयाचे, हे निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घेतले होते. दहा-दहांचे गट, पायात पकड असलेले बूट, शेवाळलेल्या खडकावर पाय नाही, समुद्राकडे पाठ नाही. सव्वानऊच्या आत सर्वजण देवळाशी होते. पावसाळ्यात किंवा वारा उठला असता मात्र कोणतीही तिथी सोयीची नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या पाटसला कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, हे विचारल्यावाचून कोणी शेतकरी दारे धरायला जात नाही. समुद्रालाही आवर्तन असते, आणि ते आपल्या सोयीने सुटत नाही. वाटेला निघण्यापूर्वी तिथल्या पाण्याची वेळ विचारून घेणे, ही आखणीची पहिली पायरी. वर्गणी, गाडी आणि जेवण त्यानंतर.

ते नारळवाले काका या वेळीही भेटले. "आज जा," एवढेच ते म्हणाले.