थंडीच्या दिवसांत वृद्धांचे अन्न

पालघर जिल्ह्यात लेकरांच्या कुपोषणाविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच झाले. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हापासून ह्या भागाचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. आज अंगणवाडीत बालकाचे वजन करून वहीत मांडतात. परंतु त्याच घराच्या ओटीवर गोधडी पांघरून बसलेल्या आजीचे वजन कोणी केले आहे काय? ती रोडावली म्हणजे "वय झाले" असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे असे आहे की, हे रोडावणे पुष्कळदा वयाचे नसून ताटाचे असते, आणि थंडीच्या महिन्यांत त्यास विशेष कारणे मिळतात.

ती कारणे कोणती, हे पाहण्यास दूर जावयास नको. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या डोंगराळ तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. घर राखावयास राहतात ती म्हातारी माणसे. म्हणजे ज्या महिन्यांत थंडी पडते त्याच महिन्यांत चूल पेटविणारे हात घरात नसतात. बोईसर स्थानकावरून पश्चिमेस समुद्राकडे गेले म्हणजे जे नवापूर लागते (नंदुरबारकडील नवापूर वेगळे), तेथे व आसपासच्या गावांत स्थलांतर नाही. तथापि मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, सून मासळीच्या पाटीबरोबर बाजारात, आणि नातवंडे शाळेत, असा प्रकार असतो. सकाळी झाकून ठेवलेले जेवण दुपारपर्यंत गारठते. गारठलेला भात दात नसलेल्या तोंडाने कोण खाणार? मग आजोबा कोरा चहा करून घेतात, त्याने भूक मरते, आणि रात्री सर्वांबरोबर दोन घास पेज पिऊन ते निजतात.

ह्या पेजेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पेज वाईट नव्हे. आजाऱ्यास ती सोसते, गिळावयास सुलभ असते, आणि थंडीत ऊब देते. परंतु तिचा हिशेब करून पाहावा. एका वाडग्यात मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम तांदूळ पडतात. त्यात शरीराचे मांस राखणारे जे प्रथिन, ते दोन-सव्वादोन ग्रॅम असते. तीन वेळा पेज प्याली तरी सात ग्रॅमच्या आत. आता वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात की, म्हाताऱ्या माणसास वजनाच्या दर किलोस दररोज एक ग्रॅम किंवा किंचित अधिक प्रथिन पाहिजे. पन्नास किलो वजनाच्या आजीस पन्नास ग्रॅम पाहिजे आणि मिळते सात! उरलेल्यासाठी शरीर आपल्याच मांड्या-पोटऱ्यांचे मांस झिजविते. म्हातारे माणूस काम करीत नाही, म्हणून त्यास थोडके पुरे, अशी जी समजूत घरोघर आहे, ती येथे खोटी ठरते. त्यास भात-भाकरी थोडी कमी चालेल. पण डाळ, मासळी, अंडे हे तरुणाहून कमी करून चालणार नाही.

मग ही भर कशाने घालावी? नवापूर, सातपाटी, डहाणू ह्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, हे नवलच होय. थंडीच्या स्वच्छ उन्हात बोंबील व जवळा वाळत असतो. सुक्या बोंबलाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग प्रथिनच असतो. मूठभर सुकट स्वच्छ निवडून, वाळू जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुऊन, भाजून व कुटून पेजेत किंवा मऊ भातात कालवली, तर दात नसलेल्यासही ती खाता येते, आणि नुसत्या पेजेची चव पालटते. मात्र खारवलेली मासळी वेगळी. तिच्यात मीठ फार असते, आणि ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी ती टाळावी. ताजी मासळी शिजवून काटे काढून बोटांनी कुस्करून द्यावी. हे काम घाईत करू नये.

डोंगराकडील बांधवांना मासळी रोज मिळत नाही. परंतु त्यांच्याकडे नागली आहे, तूर व उडीद आहे, आणि परसात शेवगा आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आसपास. हाडे ठिसूळ होण्याच्या वयात हा भेद लहान नव्हे. नागलीची भाकरी चावत नसेल तर आंबील करावी, आणि तीत शेंगदाण्याचे कूट व गूळ घालावा. मधुमेह असेल त्याने गूळ वगळावा. डाळ पातळ पाण्यासारखी न करता घट्ट घोटावी. वरचे पाणी म्हातारीस आणि खालची डाळ कमावत्या मुलास, अशी वाटणी आम्ही पुष्कळ घरी पाहिली आहे, आणि ती कोणी दुष्टपणाने करते असेही नाही. कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे, तिळाची चटणी, मऊ उकडलेले अंडे, हे सर्व बिनदातांचे अन्न होय. थंडीत ह्या बाजूस जी उकडहंडी होते तिच्यातील कोनफळ व रताळे म्हाताऱ्यांना आवडतात. मात्र कंदाबरोबर वालपापडीचे दाणेही त्यांच्या ताटात पडावेत, कारण कंदाने पोट भरते, मांस भरत नाही.

एका दिवसाचा अंदाज असा: अडीचशे ग्रॅम धान्य, दोन मुठी डाळ, मूठभर सुकट, एक अंडे आणि पेलाभर दूध. एवढ्याने पन्नास ग्रॅमच्या जवळ जाता येते. हे दोनदा वाढून संपणार नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी, दिवस मावळण्यापूर्वी आणि मध्ये एकदा, असे थोडे थोडे द्यावे. चहा जेवणाबरोबर न देता तासाभराने द्यावा. जेवणावर चहा घेतल्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. मिश्रीने तोंडाची चव जाते आणि ताडीने पोट भरल्यासारखे वाटते, हे सांगणे अनेकांस रुचणार नाही, तरी खरे आहे.

पाण्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थंडीत म्हाताऱ्यांना तहान लागत नाही, आणि रात्री गारठ्यात बाहेर जावे लागू नये म्हणून ते मुद्दामच पाणी पीत नाहीत. त्याने मलावरोध होतो व भूक आणखी मंदावते. दिवसा कोमट पाणी, पातळ सार, आंबील देत जावी, आणि सूर्यास्तानंतर कमी करावी. उन्हाचेही तसेच. पहाटेचे कोवळे ऊन ऊब देते. परंतु हाडांस लागणारे ड जीवनसत्त्व त्वचेत उत्पन्न होते ते दहा-अकरानंतरच्या उन्हात. तेव्हा दुपारचे जेवणच अंगणात, हात-पाय उघडे ठेवून, अर्धा तास उन्हात बसून करावे.

वजनाचा काटा नसेल त्यांच्यासाठी जपानमधील काशिवा नगरातील वृद्धांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी एक सोपी रीत प्रचारात आणली आहे. वृद्धाने बसून आपल्या दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी जोडून कडे करावे, आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती घालावे. कडे पुरत नसेल तर उत्तम. कडे सैल पडून मध्ये फट राहिली, तर मांस झिजले आहे असे समजावे. गावोगाव भेटीस जाणाऱ्या आमच्या बंधूंनी ही परीक्षा शिकून घ्यावी; तीस पैसा लागत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागणे, ही आजीच्या बाबतीत तीच खूण होय.

परंतु वजन झपाट्याने घटले, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, तर केवळ अन्नावर विसंबू नये. क्षयरोगाची थुंकीतपासणी व औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य आहे. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आहार वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

आता खर्चाची बाजू. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचे धान्य विनामूल्य मिळते. प्राधान्य कुटुंबास माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो. परंतु ते मुख्यतः तांदूळ व गहू. माणशी दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आत. त्याने पेज होते, आणि पेजेचा हिशेब वर दिलाच आहे. ही उणीव भरण्यास ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिचे मासिक वेतन १,५०० रुपये झाले. दिवसाचे पन्नास रुपये पडतात. डाळ, अंडे व सुकटीसाठी ते वेगळे ठेवता येतील, जर ते नातवाच्या मोबाईलच्या रिचार्जात गेले नाहीत तर. अर्ज तहसील कार्यालयात होतो. वयाचा दाखला व उत्पन्नाचा दाखला जुळविताना म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते, म्हणून मंडळीतील एखाद्या लिहित्या-वाचत्या तरुणाने बरोबर जावे. रेशन दुकानात झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नसेल, तर हात हलवीत परत न येता तालुक्याच्या पुरवठा शाखेत विचारणा करावी.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात. घरी धान्याबरोबर डाळ व सुकट किती ठेवली. दुपारची चूल कोणत्या शेजारणीकडे एकत्र पेटेल. आणि आठवड्यातून एकदा येऊन आजीचे मडके उघडून पाहणारे कोण. शेजारणीस त्याबद्दल पायलीभर नागली दिली, तर ती संकोच न करता घेईल, आणि आजीसही फुकटचे खाल्ल्यासारखे वाटणार नाही.