ऑनलाइन कर्जव्यवहार : ऋणकोची माहिती आणि धनकोची जोखीम

कर्ज देणे म्हणजे आजची रक्कम उद्याच्या वचनावर सोपविणे होय. त्या वचनाला आधार कोणता, वचन देणाऱ्याची परिस्थिती कशी, त्याच्यावर आधीचा बोजा किती, या प्रश्नांची खरी उत्तरे धनकोपाशी असतील तर व्यवहार सुरळीत होतो. ती नसतील तर मुद्दल दैवाच्या हवाली होते. हे तत्त्व गावच्या पारावरील उसनवारीला जितके लागू आहे, तितकेच मोबाइलवरून होणाऱ्या आजच्या कर्जव्यवहारालाही लागू आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत पैशाची गरज पावसाबरोबर येते. जूनमध्ये सोयाबीन आणि तुरीची पेरणी होते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. तुरीसाठी नवे वर्ष उजाडावे लागते. मधल्या महिन्यांची तोंडमिळवणी निरनिराळ्या मार्गांनी केली जाते. अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आजही अकोला व वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत काम करते. राष्ट्रीयीकृत बँका आहेत, महिलांचे बचत गट आहेत, कृषी सेवा केंद्राची उधारी आहे आणि परवानाधारक सावकारही आहेत. या मार्गांच्या जोडीला आता एक नवा मार्ग उपलब्ध झाला आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या अनोळखी व्यक्तीला संगणकीय मंचाच्या मध्यस्थीने थेट कर्ज द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. इंग्रजीत त्याला ‘पीअर टू पीअर’ कर्जव्यवहार म्हणतात. त्यात प्रवेश करणाऱ्या धनकोने व ऋणकोने काही गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळखीचे बळ

बचत गटातील कर्ज बहुधा वेळेवर परत येते, याचे कारण शोधणे कठीण नाही. दहा ते वीस महिलांच्या गटात प्रत्येकीचे घर, शेत आणि अडचण इतर सर्वजणींना ठाऊक असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाची नियमित नोंद ही गटाची पंचसूत्री मुळात माहिती उघडी ठेवण्याचीच व्यवस्था आहे. कर्ज कशासाठी हवे ते सर्वांसमक्ष सांगावे लागते आणि हप्ता चुकला तर तोही सर्वांसमक्षच चुकतो.

सावकारी व्यवहारातही धनकोला ऋणकोची खडान्‌खडा माहिती असे. उणीव होती ती दुसऱ्या बाजूला. आपण कोणत्या कागदावर अंगठा उठवीत आहोत, व्याज किती आणि हिशेबात मुद्दल किती उरले, हे निरक्षर शेतकऱ्याला कळत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी प्रामुख्याने सावकारांचे कर्जरोखे जाळले, ही गोष्ट बोलकी आहे. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करण्यात आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडातील वाशीम त्याबाहेर होते. दस्तऐवज नोंदवावा आणि ऋणकोला हिशेब मिळावा, हा विचार त्या कायद्यात आला. आजच्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही परवाना, हिशेब आणि पावती यांना तेच महत्त्व आहे.

ऑनलाइन मंचावर मात्र दोन्ही पक्ष एकमेकांना अनोळखी असतात. धनकोने ऋणकोचे शेत पाहिलेले नसते आणि ऋणकोने धनकोचा चेहरा पाहिलेला नसतो. ओळखीची जागा येथे लेखी माहितीला भरून काढावी लागते.

मंचासाठी घालून दिलेले नियम

भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा मंचांसाठी निर्देश जारी केले. मंच चालविणारी कंपनी रिझर्व्ह बँकेकडे बिगर बँकिंग वित्तीय कंपनी म्हणून नोंदलेली असणे बंधनकारक आहे. मंच हा केवळ मध्यस्थ असतो. त्याला स्वतःचे कर्ज देता येत नाही, ठेवी घेता येत नाहीत आणि परतफेडीची हमीही देता येत नाही. येथील कर्ज विनातारण असते व त्याची मुदत ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. पैसा रोखीने फिरत नाही. विश्वस्ताच्या देखरेखीखालील बँक खात्यांतूनच तो जातो व येतो.

रकमेवरही मर्यादा घालण्यात आल्या आहेत. सर्व मंच मिळून एका ऋणकोला १० लाख रुपयांपेक्षा अधिक कर्ज घेता येत नाही. एका धनकोला एकाच ऋणकोस ५० हजार रुपयांपेक्षा अधिक देता येत नाही. म्हणजे १० लाखांच्या कर्जामागे किमान वीस धनको उभे राहतात. धनकोच्या एकूण रकमेची मर्यादा प्रथम १० लाख रुपये होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती ५० लाख करण्यात आली. मात्र १० लाखांच्या पुढे जाणाऱ्या धनकोला आपली निव्वळ मालमत्ता किमान ५० लाखांची असल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

माहितीच्या संदर्भातील तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. ऋणकोविषयीची माहिती, मागणीची रक्कम, मागितलेला व्याजदर आणि मंचाने काढलेला पतगुणांक धनकोला दाखवावा लागतो. धनकोने देऊ केलेली रक्कम व व्याजदर ऋणकोला कळतो. धनकोची ओळख व संपर्क मात्र कळविला जात नाही. पतगुणांक कोणत्या पद्धतीने काढला आणि एकूण कर्जांपैकी किती थकले, हे मंचाने आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी जाहीर करावयाचे असते. थकबाकीचा हा तपशील दरमहा दिला गेला पाहिजे.

काही मंच नियमांना बगल देत असल्याचे आढळल्यावर १६ ऑगस्ट २०२४ रोजी हे निर्देश अधिक कडक करण्यात आले. ठरावीक मुदतीत ठरावीक परताव्याची खात्री असलेली गुंतवणूक, असा या व्यवहाराचा प्रचार करण्यास मनाई करण्यात आली. मुद्दल किंवा व्याज यांत धनकोंना सोसावे लागलेले नुकसानही उघड करणे आवश्यक ठरविण्यात आले. तेव्हा ‘पैसे हमखास परत’ असे सांगणारा मंच नियमभंग करीत आहे, एवढे प्रत्येक धनकोने ध्यानात ठेवावे.

गुणांकाला न दिसणारे कर्ज

पतगुणांक हे उपयुक्त साधन आहे. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि आज देशात अशा चार कंपन्या कार्यरत आहेत. बँका व वित्तीय कंपन्यांकडून आलेल्या परतफेडीच्या नोंदींवरून ३०० ते ९०० दरम्यान गुणांक काढला जातो. तथापि ज्याची नोंद या कंपन्यांकडे होते, तेच गुणांकाला दिसते. कृषी सेवा केंद्रातील खत-बियाण्यांची उधारी, नातेवाइकाकडून घेतलेली हातउसनी रक्कम, मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून उचललेले पैसे हे त्याच्या नजरेबाहेर राहतात. ग्रामीण भागात उत्तम गुणांक असलेल्या मनुष्यावरही असा बोजा असू शकतो.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामाला येते. रिसोड तालुक्यातील एखाद्या तरुणाने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागितले असे समजू. मासिक हप्ता गिरणीच्या रोजच्या कमाईतून फिटणार की सोयाबीनच्या विक्रीतून, यावर धनकोची जोखीम बदलते. हे गुणांक सांगत नाही. ऋणकोच सांगू शकतो. म्हणून कर्जाचे कारण, उत्पन्नाचे महिने आणि नोंदीबाहेरची देणी या तीन गोष्टींविषयी ऋणकोने प्रांजळपणे दिलेली माहिती हा या व्यवहाराचा खरा पाया होय.

माहिती लपवून मिळविलेले कर्ज ऋणकोच्याही हिताचे नसते. फेडण्याच्या ताकदीपेक्षा मोठा हप्ता पदरी पडतो. तो चुकला की त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते आणि पुढे घरासाठी वा ट्रॅक्टरसाठी बँकेकडे गेल्यावर तीच नोंद आडवी येते.

गोड शब्द आणि चढे व्याज

ऋणकोने लिहिलेल्या हकिगतीला किती वजन द्यावे, याचा अभ्यास अमेरिकेतील ‘प्रॉस्पर’ या मंचावरील अर्जांवरून करण्यात आला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, आपण विश्वासू, कष्टाळू, यशस्वी आहोत अशी स्वतःची वर्णने ज्या अर्जांत अधिक, त्यांना कर्ज अधिक सहज मिळाले. परतफेड मात्र त्या मानाने कमी झाली. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात एक लाखाहून अधिक अर्जांतील शब्द तपासण्यात आले. देवाचा वा कुटुंबाचा हवाला देणारे आणि कळकळीने विनवणी करणारे अर्ज थकबाकीत जाण्याचा संभव अधिक आढळला. याचा अर्थ देवाचे नाव घेणारा प्रत्येक ऋणको अप्रामाणिक असतो असा नव्हे. पडताळून पाहता येणारा तपशील आणि केवळ मन द्रवविणारे शब्द यांत धनकोने भेद करावा, इतकाच त्याचा बोध आहे.

व्याजदराविषयीही असाच भ्रम असतो. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, व्याज वाढत गेले की सावध ऋणको मागे सरतात आणि धोका पत्करणारेच उरतात. कोणतेही व्याज कबूल करणारा ऋणको, हे सुचिन्ह नसते.

पन्नास ऋणकोंचे गणित

जोखमीचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कारंजा येथील एका निवृत्त शिक्षकाने ५० हजार रुपये वर्षाला १८ टक्के व्याजाने दिले आणि मुद्दल व व्याज वर्षाअखेर एकदम परत मिळावयाचे आहे. सर्व रक्कम एकाच ऋणकोला दिली आणि तो बुडाला, तर सर्वस्व गेले. तीच रक्कम पन्नास ऋणकोंना प्रत्येकी एक हजार अशी दिली, तर प्रत्येकाकडून १,१८० रुपये यावयाचे असतात.

पन्नासही जणांनी फेड केली तर ५९,००० रुपये येतील. पाच जण पूर्ण बुडाले तर ४५ जणांकडून ५३,१०० रुपये येतील. म्हणजे १८ टक्क्यांचे प्रत्यक्षात ६.२ टक्के झाले. सात जण बुडाले तर ५०,७४० रुपये येतील. आठवा बुडाला की ४९,५६० रुपयेच हाती येतात आणि मुद्दलालाच खोट बसते. मंचाचे शुल्क व प्राप्तिकर यात धरलेला नाही. पन्नासांत आठ, एवढ्या अंतरावर नफा आणि तोटा यांची सीमा आहे. म्हणूनच मंचाने जाहीर केलेले थकबाकीचे प्रमाण व्याजदराच्या आधी वाचले पाहिजे.

रक्कम विभागल्याने एका ऋणकोचा धोका कमी होतो. सर्वांवर एकदम येणारा धोका मात्र कमी होत नाही. पन्नासही ऋणको एकाच जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादक असतील आणि ऐन काढणीत पाऊस लागला, तर पन्नास नावे असूनही जोखीम एकच राहते. गाव, व्यवसाय आणि हंगाम यांतही विभागणी हवी.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमधील ‘झोपा’ हा २००५ मध्ये सुरू झालेला मंच या प्रकारातील आद्य समजला जातो. त्याने २०२१ मध्ये हा व्यवहार बंद केला आणि बँक म्हणून काम पुढे चालविले. चीनचा अनुभव अधिक कटू आहे. तेथे ‘ईझूबाओ’ या मंचाने सुमारे नऊ लाख लोकांकडून पैसे गोळा केले. दाखविलेली कर्जप्रकरणे बहुतांशी बनावट असल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. हजारोंच्या संख्येने असलेले तेथील मंच २०२० अखेर बंद झाले. ऋणकोची माहिती खरी आहे की नाही हे तपासणारा मध्यस्थच खोटा निघाला, तर धनकोच्या सावधगिरीचाही उपयोग होत नाही, हा त्यातील धडा आहे.

घ्यावयाची दक्षता

मंच रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेला आहे की नाही, हे बँकेच्या संकेतस्थळावरील यादीतून प्रथम पाहून घ्यावे. कर्ज मंजूर होण्यापूर्वीच ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे भरण्यास सांगितले, तर तेथेच थांबावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. ऋणकोने वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा आपला पतअहवाल मागवून त्यातील चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि करारातील एकूण वार्षिक खर्च वाचल्याशिवाय संमती देऊ नये. धनकोने या मार्गाकडे बँकेतील ठेवीचा पर्याय म्हणून पाहू नये. ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. येथे तसे कोणतेही संरक्षण नाही. औषधपाण्याची, शिक्षणाची आणि पुढील पेरणीची रक्कम या व्यवहारापासून दूरच ठेवावी.

गिरणी सुरू करू पाहणाऱ्या तरुणाला भांडवल मिळावे आणि निवृत्त शिक्षकाची पुंजीही सुरक्षित राहावी, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. त्यासाठी ऋणकोने आपली देणी न लपविता सांगणे, मंचाने थकबाकीचे आकडे न झाकता मांडणे आणि धनकोने ते वाचूनच निर्णय घेणे, ही तिन्ही कर्तव्ये एकत्र पार पडली पाहिजेत. बचत गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसून वाशीमच्या महिला जो हिशेब सर्वांसमक्ष मांडतात, तोच उघडेपणा या नव्या व्यवहारालाही हवा आहे.