रानातील अळिंबी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

मृगाच्या सरींनी जमीन भिजली, मध्येच एकदोन दिवस ऊन पडले, की जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, नाणेघाटाजवळच्या पठारापासून आहुपे व भीमाशंकरच्या डोंगरांपर्यंत, बांधांवर, वारुळांपाशी आणि कुजक्या ओंडक्यांवर भूछत्रे उगवतात. महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील मुले ती पाहतात, तोडतात, कधी शाळेतही घेऊन येतात. मग वर्गात प्रश्न येतो, “गुरुजी, ही खायची का?” या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने पावसाळ्यापूर्वीच करून ठेवणे अवश्य आहे, कारण येथे चुकीच्या उत्तराची किंमत एखाद्या घरास फार मोठी पडू शकते.

पाठाचा उद्देश

सर्वच भूछत्रे विषारी असतात, असे शिक्षक सांगतात तेव्हा मुलाचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याच्या आजीने रांधलेली अळिंबी त्याने खाल्लेली असते. उलटपक्षी, ओळखण्याची एखादी सोपी खूण सांगितली, तर मूल ती खूण घेऊन एकटे रानात जाते. दोन्ही उत्तरे टाळावीत. या पाठातून एकच गोष्ट मुलाच्या मनावर ठसली पाहिजे : खाण्यायोग्य अळिंबी ओळखण्याची सर्वसाधारण खूण नाही, एकेका जातीची, एकेका जागेची ओळख असते, आणि ती ओळख नसेल तर ते भूछत्र खाऊ नये.

विषयविवेचन

भूछत्र ही वनस्पती नव्हे. ती बुरशीची, म्हणजे कवकाची, फळधारणा होय. कवकाचे खरे शरीर मातीत किंवा लाकडात सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेले असते. ओलावा मिळताच त्यातून छत्र वर येते. छत्राच्या खालच्या बाजूस पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात व त्यांतून असंख्य बीजाणू गळतात.

वारुळावरची अळिंबी हे याचे उत्तम उदाहरण आहे. काही जातींच्या वाळव्या वारुळाच्या पोटात पाल्यापाचोळ्याच्या चोथ्यावर बुरशीची जणू बागच लावतात व तिच्यावर पोसतात. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्रे जमीन फोडून वर येतात. त्यांचा देठ मुळासारखा लांबत खाली थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. शास्त्रज्ञ या वंशास टर्मिटोमायसिस म्हणतात. गोव्यापासून विदर्भापर्यंत लोक ही अळिंबी आवडीने खातात. जाणती माणसे तिचे वारूळ, तिचा हंगाम व तिचा देठ वर्षानुवर्षे ओळखून असतात. हे ज्ञान खरे आहे व शिक्षकांनी त्याचा मान राखावा.

परंतु या ज्ञानाची एक मर्यादा आहे. ते ज्या जागी शिकले, त्याच जागेपुरते खात्रीचे असते. 2015 साली जर्मनीत आश्रयास आलेल्या अनेक निर्वासितांना रानटी भूछत्रांमुळे विषबाधा झाली. मायदेशी खात असलेल्या भूछत्रासारखेच दिसणारे, पण अत्यंत विषारी असे भूछत्र त्यांनी तोडले होते. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाल्ल्याने तेरा माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती. मजुरीसाठी परमुलखात जाणारी कुटुंबे आणि बदली होऊन डोंगरात आलेले शिक्षक, दोघांनीही यापासून बोध घ्यावा.

चुकीच्या कसोट्या

पुढील समजुती समाजात रूढ आहेत. त्या वर्गात एकेक घेऊन तपासाव्यात.

1. चांदीचे नाणे किंवा लसूण काळे पडले तर विषारी. हे खरे नाही. उकडलेल्या निरुपद्रवी अंड्यानेही चांदी काळवंडते. पण प्राणघातक भूछत्राने ती काळी पडेलच, असे नाही.

2. किड्याने किंवा गोगलगायीने खाल्लेले माणसास चालते. हे खरे नाही. माणसाचे यकृत ज्या विषाने निकामी होते, ते गोगलगाय सहज पचविते.

3. शुभ्र ते चांगले, रंगीत ते विषारी. हे खरे नाही. ॲमानिटा वंशातील काही अत्यंत घातक भूछत्रे शुभ्र असतात. या वंशाच्या जाती पश्चिम घाटातही आढळतात.

4. भरपूर शिजविले की विष जाते. हे खरे नाही. ॲमानिटातील घातक विष उकळण्याने, तळण्याने किंवा वाळविण्याने नष्ट होत नाही.

वर्गातील कृती

एक पूर्ण उमललेले छत्र आणावे. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही. तरी मुलांनी त्याची चव घेऊ नये व कृतीनंतर हात धुवावेत. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घ्यावा. देठ कापून छत्र पडद्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवावे, वर वाटी पालथी घालून रात्रभर राहू द्यावे. सकाळी कागदावर बीजाणूंचा सुबक ठसा उमटतो.

गवताळ जागी व गायरानात पांढरे, तपकिरी खवल्यांचे एक मोठे भूछत्र येते. त्याचे नाव क्लोरोफायलम. त्याचा ठसा हिरवट पडतो. ते खाल्ल्यास एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब होतात. ते कोवळे असताना त्याचे पडदे पांढरेच दिसतात, म्हणून अनेकजण फसतात. येथे शिक्षकांनी मुलांना विचारावे, “हिरवा ठसा पडला तर खाऊ नये, हे कळले. मग पांढरा ठसा पडला तर खावे का?” मुले विचार करून ‘नाही’ या उत्तरापर्यंत आली पाहिजेत; कारण ॲमानिटाचा ठसा पांढराच असतो. एक दोष आढळला नाही म्हणजे वस्तू निर्दोष ठरली असे नव्हे, हा तर्क मुलांना येथे सहज उमगतो.

विषबाधेची लक्षणे व उपाय

ॲमानिटाचे विष कपटी आहे. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या व जुलाब सुरू होतात. एखाद्या दिवसाने रोगी बरा झाल्यासारखा वाटतो आणि घरची माणसे निर्धास्त होतात. त्याच काळात यकृत निकामी होत असते. यास्तव रात्री अळिंबी खाल्लेले मूल सकाळी उलट्या करीत असेल, तर ते साधे अजीर्ण समजू नये. एका घरची दोन-तीन मुले एकाच दिवशी आजारी पडून शाळेत आली नाहीत, तर पावसाळ्यात शिक्षकांनी चौकशी अवश्य करावी.

अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रोग्यास जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. खाल्ल्याची वेळ व पहिल्या उलटीची वेळ लिहून ठेवावी. उरलेले भूछत्र किंवा भाजी कागदात बांधून डॉक्टरांस दाखवावी. ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, तपासणीस न्यावे.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावे

कोणतेही रानटी भूछत्र ‘खाण्यास चांगले’ असा निर्वाळा शिक्षकांनी कधीही देऊ नये. शाळेच्या पोषण आहारात रानातील अळिंबी वापरू नये. फवारणी झालेल्या शेतातील व उकिरड्यावरील छत्रे ओळखीची असली तरी वर्ज्य समजावीत. गावातील एखाद्या जाणत्या आजीस वर्गात बोलावून ती अळिंबी कशी ओळखते, तसेच ती कोणती सोडून देते व का, हे मुलांना ऐकवावे. जाणत्या माणसाची खरी परीक्षा तो काय सोडतो यावरून होते. ज्यांना अळिंबीची आवड आहे, त्यांना भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबी घरीच पिकविता येते.

स्वाध्याय

1. शाळेच्या परिसरातील तीन भूछत्रांची चित्रे काढून ती कशावर उगवली होती ते लिहा.
2. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : कोणती अळिंबी ते खात नाहीत व का?
3. “शंका असेल तर खाऊ नये,” हे वाक्य भूछत्रांशिवाय आणखी कोठे लागू पडते?