मीटर स्वस्त, स्ट्रिप महाग

प्रश्न : वडिलांना (वय ६४) मधुमेह आहे, फक्त मेटफॉर्मिन चालू आहे. रोज साखर तपासायला स्ट्रिप परवडत नाहीत. शिवाय घरचा आकडा लॅबशी जुळत नाही. काय करावं?

उत्तर : रोज तपासायची सहसा गरजच नसते. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एकदम उतरण्याची भीती कमी. आठवड्यातून एखाद्या दिवशी दोनच स्ट्रिप वापरा : जेवणाआधी एक, पहिल्या घासानंतर दोन तासांनी दुसरी. कधी भाकरीच्या दिवशी, कधी पुरणपोळीच्या. कशाने किती चढते ते वडिलांनाच दिसेल. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी मात्र चुकवू नका. पुढे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सुरू झालं तर हा हिशेब बदलतो, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

लॅबशी साधारण १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. तिथे १६० आणि घरी १८० म्हणजे मीटर बिघडला असं नाही. हात धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटावर आकडा भलताच येतो. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, दमटपणाने त्या खराब होतात.

नवा मीटर घेताना ५० स्ट्रिपची किंमत आधी विचारा. ‘मीटर फुकट’ योजनेतली खरी कमाई तिथेच असते.