टाळ्या कशासाठी?



आजच्या पाठाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. वैयक्तिक खेळात भारताला पहिले सुवर्णपदक कोणी मिळवून दिले? बहुतेक जण सांगतील, २००८ साली बीजिंगला नेमबाज अभिनव बिंद्राने. ऑलिंपिकपुरते हे उत्तर बरोबर आहे. परंतु त्याच्या ३६ वर्षे आधी, १९७२ साली, जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले होते. ते लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटामुळे. एवढा उशीर का झाला असावा?

त्याचे एक कारण इतिहासात सापडते. दिव्यांगांच्या या स्पर्धांचा उगम इस्पितळात झाला. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे १९६० साली रोमला पहिले पॅरालिंपिक भरले. इस्पितळातला खेळ मैदानात आला. मात्र पाहणाऱ्यांची नजर अजूनही बरीचशी इस्पितळातच राहिली आहे. आपल्याला खेळाडूऐवजी रुग्ण दिसतो.

या नजरेतून दोन गैरसमज निर्माण होतात.

पहिला गैरसमज असा, की ही खरी चुरस नव्हेच; सर्वांना सांभाळून घेतलेले असते. येथे आपण कुस्तीचा आखाडा आठवावा. ५७ किलो गटातील मल्लाला कोणी ९७ किलोच्या मल्लासमोर उभे करीत नाही. तरीही ५७ किलोचा विजेता खोटा, असे आपण म्हणत नाही. पॅरालिंपिकमधील गट याच न्यायाने पाडलेले असतात. दृष्टी, हात, पाय, स्नायूंचा ताबा यांवर अपंगत्वाचा किती परिणाम झाला आहे हे तपासून खेळाडूचा गट ठरतो. त्यानंतर हारजीत ठरते ती सराव, ताकद आणि डावपेच यांवर.

वेळेची तुलना करणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०१६ साली रिओ येथे अंशतः दृष्टिहीनांच्या १५०० मीटर शर्यतीत अल्जीरियाच्या अब्देललतीफ बाकाने ३ मिनिटे ४८.२९ सेकंदांत सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी ऑलिंपिकच्या विजेत्याची वेळ होती ३ मिनिटे ५० सेकंद. अर्थात ऑलिंपिकची ती शर्यत डावपेचांमुळे संथ झाली होती; त्यामुळे यावरून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. पदकांच्या आकड्यांचेही तसेच. २०२४ साली पॅरिसमध्ये भारताला ऑलिंपिकमध्ये ६ आणि पॅरालिंपिकमध्ये २९ पदके मिळाली. पण पॅरालिंपिकमध्ये गट अधिक, म्हणून पदकेही अधिक असतात. तात्पर्य, दोहोंना एकाच काट्यावर तोलण्याची गरज नाही. प्रत्येक स्पर्धा तिच्या नियमांनी समजून घ्यावी.

दुसरा गैरसमज अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवा. 'बिचारा, तरीसुद्धा खेळतो!' असे म्हणून आपण डोळे पुसतो. ॲरिस्टॉटल म्हणतो, दुसऱ्यावर अकारण ओढवलेले संकट पाहून जी वेदना होते ती दया. म्हणजे दयेची दृष्टी संकटावर असते. आदराची दृष्टी मात्र कर्तबगारीवर असते. दया वाईट नव्हे, पण मैदानात ती खेळाडूचे कर्तृत्व झाकून टाकते.

सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांचे पाहा. पॅरिसला त्यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेत्याची फेक होती १६.३८ मीटर. फरक अवघा ६ सेंटीमीटरचा! खेळ जाणणारा मनुष्य त्या ६ सेंटीमीटरसाठी हळहळेल. केवळ दया करणारा हाताची हकिगत विचारील आणि निघून जाईल. जो प्रेक्षक हरल्यावर हळहळत नाही, त्याच्या जिंकल्यावरच्या टाळ्यांना फारशी किंमत नाही.

आम्हांला वाटते, या पाठाची खरी परीक्षा आपल्या दारातच आहे. गावच्या, शाळेच्या, युवक मंडळाच्या क्रीडादिनी दिव्यांग मुलामुलींना आपण कडेला खुर्ची देतो आणि शेवटी उत्तेजनार्थ बक्षीस हातात ठेवतो. मूल हे ओळखते. न खेळता मिळालेले बक्षीस त्याला एकच गोष्ट शिकवते, की आपल्याकडून कोणाचीच अपेक्षा नाही. त्यापेक्षा त्याला झेपेल अशी, पण खरीखुरी स्पर्धा ठेवावी. तिला नियम असावेत, पंच असावा, आणि हरण्याचीही मोकळीक असावी. मैदानापर्यंत चाकाची खुर्ची जाईल अशी वाट करावी. यास पैसा थोडा लागतो. विचार मात्र आधीपासून करावा लागतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्याला किती पॅरालिंपिक खेळाडूंची नावे ठाऊक आहेत? त्यांच्या अपघाताविषयी अधिक माहिती आहे की खेळाविषयी?

२. आपल्या वाडीतील दिव्यांग मुलाला कोणता खेळ आवडतो, हे आपण त्याला कधी विचारले आहे काय?

३. पुढच्या क्रीडादिनी त्याच्यासाठी कोणती स्पर्धा ठेवता येईल? नियम ठरविताना त्यालाच सोबत घेता येईल काय?