बाहेरून लावलेली कडी (गीता ६.३२)



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला बत्तिसावा. दुसऱ्याचं सुखदुःख जो आपल्यावरून ओळखतो तो श्रेष्ठ योगी, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. वाचायला किती सोपं! पण हा श्लोक मला दरवेळी एका बंद दारापाशी नेऊन उभा करतो.

आम्ही मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. बाबा गेले, मी पुण्यात नोकरीला, आई गावी एकटी. दीड वर्षाने तिला आवाज ऐकू यायला लागले. रात्री उठून निघून जायची. एकदा विहिरीच्या काठावर सापडली. कोणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे, सैलानीला ने. मी नेलं नाही, शिकलेला होतो ना! पण तिच्या खोलीला बाहेरून कडी लावली ती मीच. तीन आठवडे. आतून ती विचारायची, "काय केलं रे बाळा म्या?" मी म्हणायचो, "तुझ्याच भल्यासाठी आहे आई."

मला कोणी असं कोंडून हेच वाक्य ऐकवलं असतं तर?

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात गजानन महाराज उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खात होते. बघणाऱ्याला वेडाच वाटावा. बंकटलाल अग्रवाल मात्र थांबले, विचारपूस केली, जेवायला आणवलं. यातून प्रत्येक आजारी माणूस संत असतो असं मी म्हणत नाही. आजार हा आजारच, त्याला औषध लागतं. पण बंकटलालांनी आधी विचारलं. मी आईला काही विचारलंच नव्हतं.

शेवटी डॉक्टर गाठले. भरतीच्या अर्जावर सही माझीच. तेव्हा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा समजला. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. जवळच्या माणसाच्या अर्जावर भरती करायची तर आधी दोघांनी स्वतंत्र तपासणी करायची, आणि ती भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. आणि एक गोष्ट फार सुंदर आहे: बरं असताना माणूस साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो, की वेळ आली तर माझ्या वतीने कोण बोलेल.

आई सावरल्यावर मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. वाटलं, मामाचं नाव लिहील. तिने माझं लिहिलं. कडी लावणाऱ्याचं. मग म्हणाली, "पण आधी मले इचारजो."

माझ्यासाठी या श्लोकाचा अर्थ तेवढाच आहे.

आज एवढं करा : घरात कोणी मनाने खचलं असेल तर सल्ला देण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसा, विचारा, ऐका. गरज वाटली तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.

प्रार्थना : देवा, माझ्या प्रेमाला बाहेरून कडी नसू दे.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी!